काळी आणि पांढरी : बुलडाणा जिल्ह्यातील घर, जागा आणि शासकीय यंत्रणा – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

गृहनिर्माण, बांधकामाचे नियमन आणि समूह विकास या तीन कार्यांसाठी महाराष्ट्रात वेगवेगळ्या शासकीय यंत्रणा निर्माण झाल्या. बुलडाणा जिल्हा हा वऱ्हाडचा भाग असल्याने येथील यंत्रणांचा वारसा हैदराबाद, नागपूर व मुंबई अशा तीन राजवटींतून आलेला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या यंत्रणांच्या विकासाचा आढावा घेतला असून, त्यांनी घराच्या बांधकामाकडे जेवढे लक्ष दिले तेवढे घराखालील जागेकडे दिले नाही, असे प्रतिपादन केले आहे. महसूल प्रशासनाने शेतजमिनीची म्हणजे ‘काळी’ची मोजणी एकोणिसाव्या शतकातच केली, वस्तीच्या जागेची म्हणजे ‘पांढरी’ची घरनिहाय मोजणी मात्र बहुतांश गावांत एकविसाव्या शतकापर्यंत झाली नाही. या अंतराची किंमत प्रामुख्याने भूमिहीन कुटुंबांना मोजावी लागली.

बीजशब्द : गावठाण, पांढरी, वऱ्हाड, विदर्भ गृहनिर्माण मंडळ, म्हाडा, घरकुल, नमुना आठ, स्वामित्व योजना.

१. प्रस्तावना

अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी निवाऱ्याची गरज इतर दोहोंपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. अन्न आणि वस्त्र विकत घेता येते व वाहूनही नेता येते. घराला मात्र जागा लागते, आणि जागा ही नेहमीच कोणाच्या तरी मालकीची असते. ती व्यक्तीची असते, गावाची असते किंवा सरकारची असते. त्यामुळे घराचा इतिहास हा अपरिहार्यपणे जमिनीच्या हक्कांचाही इतिहास ठरतो.

मराठी ग्रामजीवनात जमिनीचे दोन भाग परंपरेने मानले गेले. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जमीन ती ‘पांढरी’. अनेक पिढ्यांच्या पडलेल्या भिंतींची माती साचून वस्तीच्या जागेला पांढुरका रंग येतो, आणि तीच पांढरी माती नव्या भिंतींसाठी पुन्हा वापरली जाते. गावाच्या कारभारात काळीचे आणि पांढरीचे हक्क व कर वेगवेगळे धरले जात. आधुनिक प्रशासनानेही हा भेद स्वीकारला. परंतु दोन्ही भागांना समान न्याय दिला नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

बुलडाणा जिल्हा या अभ्यासासाठी दोन कारणांनी उपयुक्त ठरतो. एक म्हणजे तो प्रामुख्याने ग्रामीण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती व त्यांपैकी केवळ २१ टक्के लोक नागरी भागात राहत होते. दुसरे म्हणजे येथे घराविषयीचे कायदे एका सलग परंपरेतून आले नाहीत. राजवट बदलली की कायदा बदलला, परंतु जुन्या व्यवस्थेचा काही भाग शिल्लक राहिला. त्यामुळे एकाच घरावर अनेक यंत्रणांचा अधिकार, आणि त्याच्या जागेची जबाबदारी मात्र नेमकी कोणाची हे अस्पष्ट, अशी स्थिती निर्माण झाली.

उद्दिष्टे : (१) जिल्ह्यातील गृहनिर्माण, बांधकाम नियमन व समूह विकास यांच्याशी संबंधित यंत्रणांचा ऐतिहासिक विकासक्रम मांडणे. (२) या यंत्रणांमधील कार्यविभागणीचा ग्रामीण कुटुंबांवर झालेला परिणाम तपासणे. (३) घरकुल योजनांमध्ये जागेच्या प्रश्नाचे स्थान निश्चित करणे.

अभ्यासपद्धती : प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय धोरणे, जनगणना आणि जिल्ह्याच्या प्रशासकीय इतिहासाची उपलब्ध माहिती यांचा आधार घेतला आहे.

२. वऱ्हाडची मोजणी आणि न मोजलेली पांढरी

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनाखाली दिला. सार्वभौमत्व निजामाचे व कारभार इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था होती. या प्रांतात मध्य प्रांतातील मालगुजारी पद्धत न आणता मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धत लागू करण्यात आली. १८६० च्या दशकापासून गावोगावी साखळी घेऊन मोजणीदार फिरले. प्रत्येक शेताला भूमापन क्रमांक मिळाला, हद्दीवर दगड रोवले गेले, जमिनीची प्रत ठरली आणि आकार निश्चित झाला. कापसाच्या व्यापाराला आलेली तेजी, खामगावची मोठी बाजारपेठ आणि १८७० मध्ये सुरू झालेला जलंब–खामगाव लोहमार्ग या पार्श्वभूमीवर काळ्या जमिनीची अचूक नोंद ठेवणे सरकारच्या आर्थिक हिताचे होते.

गावठाणाच्या बाबतीत असे हित नव्हते. गावठाणातील घरांच्या जागेवर शेतसारा नव्हता. त्यामुळे गावठाणाची बाहेरची हद्द नकाशावर आखली गेली आणि आतील भाग सामान्यतः एकसंध सोडण्यात आला. कोणाचे घर किती लांब, कोणाचे अंगण कोठपर्यंत, गोठा कोणाच्या वाट्याचा, हे सर्व गावाच्या स्मरणावर व शेजाऱ्यांच्या मान्यतेवर अवलंबून राहिले. महसूल प्रशासनाच्या दृष्टीने हा निर्णय काटकसरीचा होता. त्याचे सामाजिक परिणाम मात्र दूरगामी ठरले.

ज्याची काळी होती त्याच्याकडे कागद आला. ज्याची केवळ पांढरी होती, म्हणजे शेतमजूर, बलुतेदार, गावकुसाबाहेरील महारवाडा व मांगवाडा येथील कुटुंबे, त्यांच्याकडे कागद आला नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहूनही त्या जागेचा लेखी पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. त्या काळात त्याची उणीव भासली नसेल. परंतु पुढे शासनाने घरासाठी साहाय्य देण्याचे ठरविले, तेव्हा पहिला प्रश्न कागदाचाच विचारला गेला.

१९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला आणि प्रशासनाचे केंद्र नागपूर झाले. १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव व जळगाव (जामोद) हे तालुके अकोला जिल्ह्यातून बुलडाणा जिल्ह्यात समाविष्ट झाले. त्यामुळे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील ‘घाटावरचा’ भाग आणि पूर्णा खोऱ्यातील ‘घाटाखालचा’ भाग असे जिल्ह्याचे आजचे द्विविध रूप सिद्ध झाले.

३. नागपूरचा वारसा : भाडे, मंडळ आणि जनपद

मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळात घराविषयीचे शासकीय कार्य मुख्यतः शहरांपुरते मर्यादित होते. १९२२ च्या नगरपालिका कायद्याने नगरांतील बांधकामाला परवानगीची अट घातली. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यासाची पायाभरणी झाली. परंतु तिचे क्षेत्र नागपूरपुरतेच होते. खामगाव, मलकापूर यांसारख्या कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या नगरांसाठी अशी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत घरटंचाई तीव्र झाली. १९४६ च्या कायद्याखाली १९४९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश काढण्यात आला. या आदेशानुसार भाडे नियंत्रकाच्या पूर्वपरवानगीशिवाय घरमालकाला भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस देता येत नव्हती. विशेष बाब अशी की १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी विदर्भातील नगरांत हाच आदेश लागू राहिला. मुंबई–पुण्याचा भाडेकरू एका कायद्याखाली आणि विदर्भातील भाडेकरू दुसऱ्या कायद्याखाली, ही स्थिती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात येईपर्यंत टिकली. राज्य बदलले तरी घराचा कायदा अर्धशतक बदलला नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

१९५० मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशात गृहनिर्माण मंडळाचा कायदा झाला. शासनाने केवळ परवानगी देणारे न राहता स्वतः घरे बांधावीत, हा नवा विचार त्यामागे होता. राज्यपुनर्रचनेनंतर त्याचा विदर्भातील भाग विदर्भ गृहनिर्माण मंडळ म्हणून काम करू लागला. मुंबईत १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेले गृहनिर्माण मंडळ होतेच. अशा प्रकारे एकाच राज्यात दोन मंडळे दोन कायद्यांखाली कार्यरत राहिली.

ग्रामीण भागासाठी याच काळात जनपद योजना आली. १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने तालुका पातळीवर जनपद सभा स्थापन झाल्या. जिल्ह्याऐवजी तालुका हा स्थानिक शासनाचा घटक मानणारा हा प्रयोग त्या काळी वैशिष्ट्यपूर्ण होता. शाळा, रस्ते, आरोग्य ही कामे जनपदांकडे आली. गावठाणाची हद्द व सरकारी जमिनीचे वाटप हा विषय मात्र महसूल अधिकाऱ्यांकडेच राहिला. ही विभागणी पुढील सर्व व्यवस्थांतही जवळजवळ जशीच्या तशी उतरली.

४. महाराष्ट्र राज्य : कायद्यांचे एकत्रीकरण, अधिकारांचे विभाजन

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर विभागवार कायद्यांचे एकत्रीकरण सुरू झाले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारित १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. विदर्भातील जनपद सभांचा काळ संपला. नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम, नियोजनासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि जमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ असे तीन महत्त्वाचे कायदे लागोपाठ झाले. महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली.

या कायद्यांचा एकत्रित विचार केला असता पुढील चित्र दिसते. नगरातील बांधकामाची परवानगी नगरपरिषद देणार. विकास आराखडा नगररचना विभागाच्या साहाय्याने होणार. गावठाणातील बांधकामाला मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायत परवानगी देणार. गावठाणाची हद्द मात्र महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकारी ठरविणार. शेतजमिनीवर घर बांधावयाचे झाल्यास अकृषिक परवानगीही महसूल विभागाकडूनच घ्यावी लागणार. म्हणजे घर ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत आणि घराची जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत, ही विभागणी कायद्याने पक्की झाली.

यात आणखी एका कायद्याची भर पडते. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ मध्ये केलेला तुकडेबंदीचा कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. त्याचा हेतू शेती किफायतशीर ठेवणे हा होता. परंतु गावठाणात जागा न उरल्यामुळे ज्या शेतमजुराला गावालगतच्या शेतातील गुंठाभर जागा विकत घ्यावयाची होती, त्याच्या वाटेत हा कायदा आला. काळीच्या संरक्षणासाठी केलेली तरतूद पांढरीच्या वाढीला अडसर ठरली. २०२४ मध्ये नियमांत बदल होऊन विहीर, शेतरस्ता व ग्रामीण घरकुल यांसारख्या कारणांसाठी लहान तुकड्याच्या हस्तांतरणाची वाट मोकळी करण्यात आली. हा बदल होण्यास लागलेला काळ लक्षणीय आहे.

गृहनिर्माण मंडळांच्या एकत्रीकरणाचा टप्पा यानंतर आला. १९७६ च्या अधिनियमानुसार ५ डिसेंबर १९७७ रोजी महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण म्हणजे म्हाडा स्थापन झाले. मुंबई व विदर्भ गृहनिर्माण मंडळे, मुंबईतील इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आणि झोपडपट्टी सुधार मंडळ यांचे कार्य त्यात विलीन झाले. आज बुलडाणा जिल्हा म्हाडाच्या अमरावती विभागीय मंडळाच्या कार्यक्षेत्रात येतो. म्हाडाच्या कार्याचे महत्त्व नाकारता येणार नाही. तथापि सदनिका किंवा भूखंड तयार करून ठरावीक किमतीत वितरित करणे ही तिची पद्धत होय. त्यासाठी नियमित उत्पन्न असलेला अर्जदार लागतो. त्यामुळे हंगामी मजुरीवर जगणारे खेड्यातील कुटुंब या यंत्रणेच्या कक्षेत स्वाभाविकपणेच येत नाही. ज्या जिल्ह्याची सुमारे ७९ टक्के लोकसंख्या ग्रामीण आहे, तेथे राज्याची प्रमुख गृहनिर्माण संस्था बहुसंख्यांसाठी दूरचीच राहिली.

५. समूह विकास ते घरकुल

ग्रामीण घराची जबाबदारी यामुळे समूह विकासाच्या प्रवाहाकडे गेली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास कार्यक्रम सुरू झाला व पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवेची जोड मिळाली. या कार्यक्रमाचा भर शेती, सिंचन, आरोग्य व श्रमदान यांवर होता. १९५७ मध्ये ग्रामीण गृहनिर्माणासाठी कर्जाची केंद्रीय योजना आली. परंतु कर्जासाठी तारण लागते, आणि तारणासाठी पुन्हा जागेचा कागद लागतो.

या अडचणीची पहिली स्पष्ट दखल १९७१ मध्ये घेतली गेली. भूमिहीन ग्रामीण मजुरांना घरासाठी जागा देण्याची योजना त्या वर्षी सुरू झाली आणि पाचव्या पंचवार्षिक योजनेत तिचा समावेश किमान गरजा कार्यक्रमात झाला. घराआधी जागा, हे तत्त्व येथे प्रथमच मान्य झाले. शासकीय विचारातील हा महत्त्वाचा क्षण होता. मात्र तो फार काळ टिकला नाही.

१९८५ मध्ये इंदिरा आवास योजना रोजगार कार्यक्रमाचा एक भाग म्हणून आली आणि १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेमार्फत निधी, पंचायत समितीमार्फत अंमलबजावणी व ग्रामसभेमार्फत निवड, असा तिचा मार्ग होता. या योजनेमुळे ग्रामीण घराला प्रथमच मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक निधी मिळाला, हे निर्विवाद आहे. परंतु लक्ष्य घरांच्या संख्येत मोजले गेले. जागा हा लाभार्थ्याने आणावयाचा घटक ठरला.

महाराष्ट्र शासनाने पुढे अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना, अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास योजना, आणि २०२३ मध्ये इतर मागास वर्गासाठी मोदी आवास घरकुल योजना सुरू केली. २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेने घेतली. घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट झाले. सपाट प्रदेशातील घराचे साहाय्य १ लाख २० हजार रुपये निश्चित झाले. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी व शौचालयासाठी १२ हजार रुपयांची जोड देण्यात आली.

यादीत नाव आहे, निधी मंजूर आहे, परंतु जागा नाही, अशा कुटुंबांचा प्रश्न यामुळे अधिकच ठळक झाला. त्यावर उपाय म्हणून राज्याने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आणली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी प्रारंभी ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्य होते. पुढे ती मर्यादा १ लाखापर्यंत वाढविण्यात आली. १९७१ मध्ये शासन जागा देत होते, २०१५ मध्ये जागा विकत घेण्यासाठी पैसे देऊ लागले. या दोन धोरणांतील फरक सूक्ष्म वाटला तरी मूलगामी आहे. पहिल्यात जागा मिळवून देण्याचे दायित्व शासनाचे होते, दुसऱ्यात ते कुटुंबाकडे गेले.

६. बांधकामाची मानके आणि जिल्ह्याची माती

बांधकामाच्या मानकांचा इतिहास हा मुख्यतः नगरांचा इतिहास आहे. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. १९८३, २००५ व २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर एकसमान नियम आणले. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी परवानगीची पद्धत तिने बरीच सोपी केली. बुलडाणा जिल्ह्यातील ११ नगरपरिषदा आणि मोताळा व संग्रामपूर या २ नगरपंचायती यांना त्याचा लाभ झाला.

ग्रामीण घरांच्या बाबतीत मात्र मानक आणि स्थानिक अनुभव यांची सांगड क्वचितच घातली गेली. जिल्ह्यातील पारंपरिक घर म्हणजे धाब्याचे घर. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांबांवर टाकलेल्या तुळया, त्यावर माती थापून केलेले सपाट छत. उन्हाळ्यात ते थंड राहते आणि छतावर मिरच्या, पापड, धान्य वाळविता येते. ज्यांना एवढेही शक्य नव्हते त्यांनी तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा कुड उभारून त्यावर शेणामातीचे लिंपण केले. या घरांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. दरवर्षीची डागडुजी चुकली की पावसाळ्यात धाबे गळते व भिंत खचते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड मातीची छते व दगड-मातीच्या भिंती किती घातक ठरू शकतात, हे मराठवाड्यात भीषण रीतीने दिसले. वऱ्हाडातील धाब्याच्या घरांनाही तो इशारा लागू होतो. म्हणून पक्क्या घराचा आग्रह अनाठायी म्हणता येणार नाही.

प्रश्न पक्के घर कसे बांधावे याचा आहे. जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी चिकणमाती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते व तिला रुंद भेगा पडतात. उथळ पायावर उभी केलेली विटांची भिंत या हालचालीत तडकते. जुने गावठाण सामान्यतः उंचवट्यावर, पांढरीच्या भरावावर असे. नव्या वस्त्या मात्र अनेकदा गावाबाहेरच्या काळ्या जमिनीवर बसविल्या गेल्या. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. परंतु ठरावीक रकमेच्या घरकुलात त्यासाठी वाव कोठून असणार? घाटाखाली पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर बांधकामाचे पाणीच खारे असते. खाऱ्या पाण्याने काँक्रीटमधील लोखंडाला गंज चढतो व भिंतीला लोणा लागतो. एकच नमुना व एकच रक्कम घाटावरच्या मुरमाड जमिनीला आणि घाटाखालच्या भारी जमिनीला लागू करणे, हे मानकाच्या मूळ हेतूशीच विसंगत आहे.

शिवाय शेतकरी व शेतमजुराचे घर हे केवळ झोपण्याचे ठिकाण नसते. कापूस विकेपर्यंत साठविण्याची खोली, शेळ्यांसाठी आडोसा, सरपण व अवजारांसाठी ओसरी, हे सर्व त्यात अंतर्भूत असते. त्यामुळे २६९ चौरस फुटांच्या घरकुलाशेजारी जुना कुड तसाच उभा दिसतो. त्याकडे लाभार्थ्याची उदासीनता म्हणून पाहणे योग्य होणार नाही. घराच्या आराखड्यात जे सामावले नाही, ते तेथे सामावलेले असते.

७. धरण, जंगल आणि गायरान

जागेच्या नोंदीचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते गाव उठविण्याची वेळ आली म्हणजे. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाला १९९० च्या दशकात मान्यता मिळाली व घाटाखालच्या अनेक गावांपुढे पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. अशा प्रसंगी शेताचा मोबदला सातबाराच्या आधारे ठरतो. घराचा मोबदला ठरविताना मात्र ग्रामपंचायतीच्या नमुना आठकडे पाहावे लागते. नमुना आठ ही मुळात घरपट्टी आकारणीची नोंदवही होय. ती कर कोण भरतो हे सांगते. जागा कोणाची हे सिद्ध करीत नाही. एकत्र कुटुंबातील विभक्त झालेल्या भावांची चूल वेगळी असली तरी नोंद एकाच नावावर असू शकते. शेताला सातबारा आणि घराला नमुना आठ, या दोन कागदांच्या कायदेशीर वजनातील तफावत ही एकोणिसाव्या शतकातील मोजणीतून आलेली आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत कोरकू, भिलाला, निहाल या समाजांच्या वस्त्या आहेत. तेथे जागेच्या प्रश्नात महसूल विभागाबरोबर वन विभागाचाही संबंध येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनग्रामांचे महसुली गावांत रूपांतर करण्याचा हक्क मान्य केला व १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याला आधार दिला. घरकुलाचा निधी ग्रामविकास विभागाचा, लाभार्थी आदिवासी विकास विभागाचा आणि जमीन वन विभागाची, असा हा तिहेरी पेच आहे.

गायरान जमिनीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा होय. गावठाण अपुरे पडले तेव्हा भूमिहीन कुटुंबांनी गावालगतच्या सरकारी किंवा गायरान जमिनीवर घरे उभारली. कायद्याच्या भाषेत हे अतिक्रमण झाले. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे निर्देश राज्यांना दिले. त्याच निर्णयात शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसारख्या अपवादांसाठी जागा ठेवण्यात आली. त्यानंतर २०१८ मध्ये राज्य शासनाने ग्रामीण भागातील शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण जाहीर केले; त्यातून गायरानाचा प्रश्न मात्र सहजासहजी सुटणारा नव्हता. एकीकडे गुरांच्या चराईची सामाईक जमीन राखण्याची निकड, दुसरीकडे घरासाठी अन्य जागा नसलेले कुटुंब, हा दोन गरजांमधील संघर्ष आहे. गावठाणाचा विस्तार लोकसंख्येच्या वाढीबरोबर वेळोवेळी झाला असता, तर त्याची तीव्रता निश्चितच कमी राहिली असती.

८. पांढरीची मोजणी

या दीर्घ इतिहासात अलीकडे एक निर्णायक वळण आले. महाराष्ट्राने २०१९ मध्ये गावठाणांच्या ड्रोनद्वारे मोजणीचा प्रकल्प हाती घेतला. पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी त्याचा प्रारंभिक प्रयोग झाला होता. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना जाहीर करून हे कार्य देशभर नेले. गावठाणातील प्रत्येक मिळकतीचा नकाशा करून धारकाला मिळकत पत्रिका देणे हा या योजनेचा गाभा आहे. काळीच्या मोजणीनंतर सुमारे दीडशे वर्षांनी पांढरीची मोजणी सुरू झाली, असे तिचे वर्णन करता येईल. महसूल संहितेतील सुधारणेने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीचा निवासी वापरही सुलभ केला आहे.

तथापि या मोजणीच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. ही योजना गावठाणाच्या हद्दीत असलेल्या घराची नोंद करते. हद्दीबाहेर, गायरानावर किंवा वनजमिनीवर राहणाऱ्या कुटुंबाला ती आपोआप कागद देत नाही. जो हद्दीच्या आत होता तो अधिक सुरक्षित होईल. जो बाहेर राहिला त्याचे बाहेर असणे नकाशावर अधिक ठळक होईल. म्हणून मोजणीच्या जोडीला गावठाण विस्ताराचा कार्यक्रम नसेल, तर जुनी विषमता नव्या व अचूक नकाशात कायम होण्याचा धोका आहे.

९. निष्कर्ष

(१) बुलडाणा जिल्ह्यातील गृहविषयक यंत्रणा हैदराबाद, नागपूर व मुंबई या तीन प्रशासकीय परंपरांतून घडल्या. त्यांचे एकत्रीकरण कायद्याच्या पातळीवर झाले. कार्याच्या पातळीवर घर व जागा यांची विभागणी कायम राहिली.

(२) राज्याची प्रमुख गृहनिर्माण संस्था नागरी मागणीवर आधारित असल्यामुळे ग्रामीण घराचा भार समूह विकासाच्या यंत्रणेवर पडला. त्या यंत्रणेकडे निधी होता, जमिनीचा अधिकार नव्हता. केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणांसाठीची स्वतंत्र प्रशासकीय योजनाही बंद केली. त्यामुळे जिल्हा परिषदेची जबाबदारी आता अधिक वाढली आहे.

(३) बांधकामाची मानके स्थानिक माती, पाणी व कुटुंबाच्या उपजीविकेशी जोडली गेली नाहीत. जिल्ह्यातील अभियांत्रिकी, भूगोल व इतिहास या विषयांच्या अध्यापकांना या क्षेत्रात एकत्रित अभ्यासाला मोठा वाव आहे. धाब्याच्या घरांची नोंद त्यांची पडझड होण्यापूर्वी होणे अगत्याचे आहे.

(४) घरकुल योजनांचे यश केवळ पूर्ण झालेल्या घरांच्या संख्येने मोजणे अपुरे आहे. मंजुरी मिळूनही जागेअभावी किती कुटुंबे थांबली, ही संख्या ग्रामसभेपुढे नियमितपणे मांडली गेली पाहिजे, व तिच्या आधारे गावठाण विस्ताराचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जावयास हवा.

घर बांधण्यासाठी शासनाने गेल्या सात दशकांत अनेक मंडळे, यंत्रणा व योजना निर्माण केल्या. त्यांनी भिंती व छप्पर यांचा खर्च उचलला, हे त्यांचे श्रेय होय. परंतु ज्या कुटुंबाच्या नावे पांढरीत हातभर जागाही नोंदलेली नाही, त्याच्यासाठी मंजुरीचा कागद घरात रूपांतरित होत नाही. काळीला जे दीडशे वर्षांपूर्वी मिळाले, ते पांढरीला पूर्णपणे मिळेपर्यंत जिल्ह्यातील निवाऱ्याचा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.